अपराध्याविषयीची करुणा : दान्तेच्या महाकाव्यातील एक पेच

दान्तेच्या ‘कोमेदिआ’तील नरककांडाच्या विसाव्या सर्गात एक अवघड प्रसंग येतो. ज्यांनी हयातीत भविष्य वर्तवण्याचा दावा केला त्या दैवज्ञांची माने पाठीकडे पिळवटून टाकलेली आहेत. त्यांना पुढे पाहता येत नाही, उलट पावलांनी चालावे लागते आणि डोळ्यांतील आसवे पाठीवरून खाली ओघळतात. हे दृश्य पाहून यात्रिक दान्ते एका खडकाला टेकून रडू लागतो. त्यावर मार्गदर्शक व्हर्जिल त्याची कठोर निर्भर्त्सना करतो. तूही इतर मूर्खांसारखाच राहिलास काय, असे तो विचारतो आणि पुढे या स्थळी करुणा मेलेली असते तेव्हाच ती जिवंत असते, अशा अर्थाचे एक विरोधाभासात्मक वचन उच्चारतो. ईश्वरी न्यायापुढे ज्याच्या मनात भावविकार उठतो त्याच्याहून दुष्ट कोण, असाही प्रश्न तो करतो.

व्हर्जिलचे वचन श्लेषावर उभे आहे. ‘पिएता’ या इटालियन शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. दुसऱ्याच्या दुःखाने हेलावणे हा एक, आणि ईश्वराविषयीची निष्ठा, धर्मशीलता हा दुसरा. लॅटिनमधील ‘पिएतास’ या शब्दाचा हा वारसा आहे, आणि तो स्वतः व्हर्जिलच्याच महाकाव्याचा मध्यवर्ती शब्द आहे. ईनिअसचे चरित्र त्याने याच गुणाभोवती उभारले. व्हर्जिलला म्हणायचे आहे ते असे की, येथे पहिला अर्थ मरतो तेव्हाच दुसरा जगतो. हे वचन मराठीत आणू पाहणाऱ्याला ‘दया’ आणि ‘निष्ठा’ असे दोन शब्द घ्यावे लागतील, आणि दोन शब्द घेताच त्यांच्यातील भांडण मिटून जाईल. एकाच शब्दाने स्वतःच्या अर्ध्या अर्थाचा बळी द्यावा, ही त्या वचनातील खरी कठोरता आहे.

भारतीय काव्यशास्त्राला करुणेचा प्रश्न परका नाही, परंतु तो वेगळ्या जागी उपस्थित होतो. करुण रसाची आस्वाद्यता कशी सिद्ध होते, शोकातून आनंद कसा निष्पन्न होतो, यावर संस्कृत आणि मराठी साहित्यमीमांसेने पुष्कळ खल केला आहे. करुणा वाटावी की वाटू नये, हा मात्र तिथे प्रश्नच नाही. सहृदयाला ती वाटते, न वाटल्यास तो सहृदय नव्हे. दान्तेच्या काव्यात करुणा ही आस्वादाची नव्हे, जबाबदारीची बाब होते. ती कोणाविषयी वाटते यावर वाटणाऱ्याचाही न्याय होतो.

या कठोरतेमागे धर्मशास्त्र आहे हे विसरून चालणार नाही. थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा’ला त्याच्या मृत्यूनंतर जोडल्या गेलेल्या परिशिष्टात स्वर्गस्थांना नरकस्थांची दया येते काय, असा प्रश्न घेतला आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. दया म्हणजे दुसऱ्याचे दुःख दूर व्हावे अशी विवेकयुक्त इच्छा. जे दुःख दूर होणे शक्यच नाही आणि ईश्वरी न्यायाला धरूनही नाही, त्याच्याविषयी अशी इच्छा धरणे म्हणजे न्यायाच्या विरुद्ध इच्छा धरणे. नरककांडाच्या दुसऱ्या सर्गात व्हर्जिलला बोलवायला आलेली बिआत्रिचे हेच आपल्या भाषेत सांगते. ईश्वराने तिला असे घडवले आहे की, तेथील यातनांचा तिला स्पर्श होत नाही.

पण त्याच सर्गात, त्याच बिआत्रिचेच्या तोंडी, याच्या नेमके उलट भासणारे विधान आहे. स्वर्गातील एक थोर स्त्री, म्हणजे मेरी, वाट चुकलेल्या दान्तेसाठी इतकी कळवळली की वरचा कठोर निर्णय तिच्यामुळे भंगला. चौदा हजारांहून अधिक ओळींचा हा सारा प्रवास ज्या एका घटनेने सुरू होतो ती घटना करुणेने न्यायाचा भंग करण्याची आहे. दान्ते जिवंत असल्याने त्याच्यासाठी ते शक्य होते, असे त्यावर शास्त्रीय उत्तर देता येईल, आणि ते बरोबरही आहे. शुद्धिकांडाच्या पाचव्या सर्गातील बुओन्कोन्ते दा मोन्तेफेल्त्रो १२८९च्या काम्पाल्दिनोच्या लढाईत मरता मरता ढाळलेल्या एका आसवावर वाचतो. मरणापूर्वीचे एक आसू पुरते, मरणानंतर दुसऱ्याने ढाळलेले हजार अपराध ठरतात. नियम स्पष्ट आहे. तो वाचकाला कितपत पटतो हा वेगळा प्रश्न, आणि तो काव्याच्या बाहेरचा नाही.

विसाव्या सर्गाकडे येईपर्यंत यात्रिक अनेकदा हेलावलेला आहे. दुसऱ्या सर्गातच तो वाटेशी आणि करुणेशी अशा दुहेरी युद्धाला सिद्ध होतो. पाचव्यात फ्रांचेस्काची कथा ऐकून तो मूर्च्छित पडतो. तेराव्यात वृक्ष झालेल्या पिएर देल्ला विन्यापुढे त्याला दाटून आल्यामुळे प्रश्न विचारता येत नाही, ते काम व्हर्जिलला करावे लागते. पंधराव्यात भाजलेल्या चेहऱ्याच्या ब्रुनेत्तो लातिनीशी तो मान लववून, आदरार्थी सर्वनामाने बोलतो. ज्याने आपल्याला कीर्ती कशी मिळवावी हे शिकवले त्या गुरूला नरकातही ‘तुम्ही’ म्हणणे, ही लहान बाब नव्हे. याच्या उलट आठव्या सर्गात चिखलात रुतलेल्या फिलिप्पो आर्जेन्तीला आणखी बुडवलेले पाहायला आवडेल असे तो म्हणतो, तेव्हा व्हर्जिल त्याला आलिंगन देऊन त्याची प्रशंसा करतो. करुणा सोडण्याचे हे शिक्षण चालू आहे आणि विसाव्यात शिष्य पुन्हा नापास होतो, असा साधारण नकाशा काढता येतो.

अमेरिकन दान्ते-अभ्यासात चार्ल्स सिंगल्टन यांच्यापासून रूढ झालेली यात्रिक दान्ते आणि कवी दान्ते यांच्यातील विवक्षा या नकाशाला सोयीची आहे. यात्रिक चुकतो, शिकतो. कवी प्रवास संपवून परतलेला आहे आणि त्याला सर्व ठाऊक आहे. फ्रांचेस्कासाठी मूर्च्छित होणारा यात्रिक आहे, तिला नरकात घालणारा कवी. या विवक्षेने रोमँटिक समीक्षेतील पुष्कळ भाबडेपणा दूर केला यात शंका नाही. परंतु विसाव्या सर्गात ती अडखळते. तेथे कवी कथन थांबवून वाचकाला संबोधतो. देव तुला या वाचनाचे फळ देवो, आता तूच विचार कर, आपली मानवाची प्रतिमा इतकी पिळवटलेली जवळून पाहून मी चेहरा कोरडा कसा ठेवला असता? हा प्रश्न विचारणारा आवाज प्रवासातल्या शिकाऊ यात्रिकाचा नाही, लेखनाच्या वर्तमानातल्या कवीचा आहे. त्याच्यानंतर लगेच व्हर्जिलची निर्भर्त्सना येते. म्हणजे कवी आधी वाचकाला आपल्या आसवांचा साक्षीदार करतो आणि मग त्या आसवांना मूर्खपणा म्हणवून घेतो. शिवाय, दुष्ट कोण, या व्हर्जिलच्या प्रश्नाचा रोख करुणा वाटणाऱ्यावर आहे की ईश्वरी निर्णय वाकवू पाहणाऱ्या दैवज्ञांवर, याबद्दल भाष्यकारांत एकमत नाही. त्या ओळीत हस्तलिखितांचे पाठभेदही आहेत. ज्या ओळीवर सिद्धांत उभारायचा तीच डळमळीत आहे.

वाचकांनी या पेचाचे काय केले, हे पाहिले तर काव्याच्या प्रभावाचा इतिहास एका वेगळ्या बाजूने दिसू लागतो. प्रभावाचा विचार करताना बहुधा घेतलेल्या गोष्टींची यादी केली जाते. तीन ओळींचे साखळीबंध कडवे कोणी घेतले, पाताळयात्रेचा आराखडा कोणी घेतला, इत्यादी. काय सोडून दिले गेले, हे पाहणे येथे अधिक उद्बोधक आहे.

फ्रांचेस्काचेच उदाहरण घ्यावे. रावेन्नाच्या पोलेन्ता घराण्यातील ही स्त्री रिमिनीच्या जान्चोत्तो मालातेस्ताला दिलेली होती. तिचे दिरावर, पाओलोवर, प्रेम जडले आणि नवऱ्याने दोघांना ठार केले. दान्तेच्या काव्यात ती अपराधी आहे आणि अपराध नाकारण्याची तिची रीत फार सूक्ष्म आहे. तिच्या प्रसिद्ध तीन कडव्यांत कर्ता ती नसतेच, प्रेम हा कर्ता असतो. शेवटी दोष जातो तो लान्सलॉटच्या प्रेमकथेच्या पुस्तकाकडे आणि ते लिहिणाऱ्याकडे. स्वतःच्या काव्यावरही लागू पडेल असा हा आरोप दान्तेने अपराध्याच्या तोंडी घातला आहे. (दान्तेला अखेरचा आश्रय रावेन्नात ज्याने दिला तो ग्विदो नोव्हेल्लो फ्रांचेस्काचा पुतण्या होता, हे या संदर्भात सहज आठवते.)

दान्तेच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, १३७३ मध्ये, बोक्काच्चोने फ्लॉरेन्समध्ये या काव्यावर सार्वजनिक व्याख्याने सुरू केली. सतराव्या सर्गापर्यंत येऊन ती थांबली. पण पाचव्या सर्गावरील विवेचनात त्याने एक हकिकत जोडली. लग्न ठरवताना फ्रांचेस्काला देखणा पाओलो हाच वर म्हणून दाखवण्यात आला, आणि खरा नवरा कोण हे तिला लग्नानंतर कळले. दान्तेत याचा मागमूस नाही. बोक्काच्चोला ती का जोडावीशी वाटली, याचे उत्तर त्याच्या कथाकारवृत्तीत शोधता येईल. पण तिचा परिणाम निःसंदिग्ध आहे. फ्रांचेस्का फसवली गेलेली आहे, सबब ती दयेस पात्र आहे. १८१५ मध्ये रंगमंचावर आलेली सिल्व्हिओ पेल्लिकोची शोकांतिका, १८१६ची ली हंटची दीर्घकविता आणि १९०१चे दानुन्त्सिओचे नाटक यांची फ्रांचेस्का मुख्यतः याच वाटेवरची आहे. रोदॅंने १८८० मध्ये हाती घेतलेल्या ‘नरकद्वार’ या शिल्पातील आलिंगनबद्ध जोडपे तर अखेर द्वारातून बाहेरच पडले आणि ‘चुंबन’ म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. ते पाहणाऱ्या बहुसंख्य लोकांना हे दोघे नरकातले आहेत याची कल्पना नसते. वादळ गेले, शिक्षा गेली, अपराधही गेला.

उगोलिनोच्या बाबतीत हेच चॉसरने केले. नरककांडाच्या अखेरीस बर्फात गोठलेला उगोलिनो आर्चबिशप रुज्जेरीची कवटी चावत असतो. पीसाच्या मनोऱ्यात १२८९ मध्ये तो आपल्या मुलानातवांसह उपाशी मेला, पण तो येथे आहे तो देशद्रोहाबद्दल. ‘कॅंटरबरी टेल्स’मधील मठवासी हीच कथा सांगतो तेव्हा बर्फ नाही, कवटी नाही. उगोलिनोवरचा आरोप बिशपने रचलेला खोटा आहे, आणि मुलांतील थोरला जेमतेम पाच वर्षांचा आहे. अधिक ऐकायचे असेल त्याने इटलीच्या थोर कवीकडे जावे, असे सांगून चॉसर कथा संपवतो. दान्तेनेही मुलांची वये कमी केली होती, कारण प्रत्यक्षातील काही जण प्रौढ होते, आणि त्यांच्या कोवळ्या वयाच्या निर्दोषतेवरून त्याने पीसाला शापही दिला. पण उगोलिनोचा अपराध त्याने कमी केला नाही. चॉसरने केला. टेनिसनने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘युलिसिस’मध्ये तर ज्वाला आणि जहाजाचे बुडणे ही दोन्ही गळली. उरले ते वृद्ध नायकाचे निघणे. दान्तेचा युलिसिस कपटी सल्लागार म्हणून जळतो आहे, हे त्या कवितेच्या आधारे कोणालाही कळणार नाही.

या सर्व उदाहरणांतील समान सूत्र असे की, करुणा वाटण्यापूर्वी उत्तरकालीन लेखकांना अपराध्याला निर्दोष करून घ्यावे लागले. हा दान्तेच्या कठोरतेविरुद्धचा मानवतावादी विजय आहे, असे एकोणिसाव्या शतकाला वाटले, आणि १८६९ मधील दे सान्क्तिस यांच्या फ्रांचेस्कावरील निबंधाच्या प्रभावामुळे ते पुढेही दीर्घकाळ मानले गेले. क्रोचेने १९२१ मध्ये काव्य आणि धर्मशास्त्रीय रचना यांची फारकत करून त्याला सौंदर्यशास्त्रीय अधिष्ठान दिले. वस्तुतः येथे करुणा वाढलेली नाही, स्वस्त झालेली आहे. निर्दोषाविषयी कळवळणे हा न्यायबुद्धीचाच एक प्रकार होय. त्यासाठी वेगळ्या करुणेची गरज पडत नाही. दान्तेचा यात्रिक मूर्च्छित पडतो तो अन्याय पाहून नव्हे. शिक्षा न्याय्य आहे हे मान्य असूनही पडतो. अपराध आहे, तो अपराध्याचाच आहे, आणि तरीही समोरचे दुःख सहन होत नाही, ही अवस्था काव्याने मांडली, आणि नंतरच्या परंपरेने ती टाळली. धर्मशास्त्रीय भाष्यकारांनी करुणा चूक ठरवून ती टाळली, रोमँटिकांनी अपराध पुसून. विरोधी भासणाऱ्या या दोन वाचनांची सोय एकच आहे.

उगोलिनोच्या प्रसंगातील एक तपशील या दृष्टीने फार बोलका आहे. आपली कथा सांगता सांगता तो यात्रिकाला विचारतो की, आता रडत नसशील तर तू कशावर रडतोस? यात्रिक येथे रडल्याचा उल्लेख नाही. तो उत्तरही देत नाही. व्हर्जिलचा धडा तो शिकला आहे. लगेच पुढे फ्रा आल्बेरिगो भेटतो. आसवे डोळ्यांतच गोठून त्याच्या डोळ्यांवर बर्फाचे कवच चढले आहे, आणि ते काढण्याची तो विनवणी करतो. नाव सांगितलेस तर काढीन, असे वचन यात्रिक देतो, नाव कळताच ते मोडतो, आणि त्याच्याशी उद्धटपणे वागणे हेच सौजन्य होते, असे सांगतो. शिक्षण पूर्ण झाले. विश्वासघातक्यांच्या प्रदेशात शिष्याने पहिला उत्तीर्ण विश्वासघात केला. यात उपरोध आहे की सिद्धांताचे शेवटपर्यंत केलेले पालन, याचा निर्णय काव्य देत नाही. मात्र रडणाऱ्या यात्रिकापेक्षा हा यात्रिक अधिक धार्मिक आहे असे मानायला फार धैर्य लागते.

आता मूळ प्रसंगाकडे वळता येईल. करुणा मरू दे असे सांगणारा कोण आहे, हा प्रश्न मागे राहिला आहे. चौथ्या सर्गात लिम्बोच्या उंबरठ्यावर व्हर्जिलचा चेहरा पांढराफटक पडतो. यात्रिकाला वाटते तो भ्याला आहे. व्हर्जिल सांगतो की, ज्याला तू भय समजतोस ती खालच्या लोकांच्या यातनांनी माझ्या चेहऱ्यावर उमटवलेली करुणा आहे. शब्द तोच आहे, ‘पिएता’. ज्या प्रदेशापाशी तो पांढरा पडतो तो त्याचा स्वतःचा आहे. होमर, होरेस, ओव्हिड, अ‍ॅरिस्टॉटल, आणि मुसलमानांपैकी इब्न सीना, इब्न रुश्द, सलादिन यांच्यासोबत तो तेथे अनंतकाळ राहणार आहे. यातना नाहीत, पण आशाही नाही. दोष इतकाच की, ख्रिस्तापूर्वी जन्म झाला आणि बाप्तिस्मा नाही. म्हणजे अपराध्यांविषयी करुणा नको, हे सांगण्याचे काम काव्याने अशा माणसावर सोपवले आहे की जो काहीही अपराध न करता दंडित आहे. त्याच्याविषयीची करुणाही त्याच नियमाने निषिद्ध ठरते. विसाव्या सर्गातील कठोरपणात आपल्याविषयी कोणी रडू नये असे सांगणाऱ्याचा ताठपणाही ऐकू येतो, असे वाटण्यास जागा आहे.

शुद्धिकांडाच्या पहिल्याच सर्गात व्हर्जिल केटोला त्याच्या पत्नीची, मार्चाची, आठवण देऊन वाट मागतो. ती लिम्बोत आहे. केटो म्हणतो, ती नदीपलीकडे असल्याने तिचे नाव आता मला हलवू शकत नाही. केटो स्वतः ख्रिस्तपूर्व, आत्महत्या केलेला, सीझरचा शत्रू आहे. तो वाचला. स्वर्गकांडाच्या विसाव्या सर्गात सम्राट ट्रेजन आणि ट्रॉयचा रिफिअस हे दोन परधर्मी स्वर्गात आढळतात. ट्रेजन पोप ग्रेगरीच्या प्रार्थनेमुळे नरकातून परत जिवंत होऊन मुक्त झाला, अशी आख्यायिका दान्ते स्वीकारतो. गरुड सांगतो की, उत्कट प्रेम आणि जिवंत आशा ईश्वरी इच्छेला जिंकतात, कारण तिला जिंकले जाणे हवे असते. नरककांडाच्या विसाव्यात जे दुष्टपण ठरले त्याचेच स्वर्गकांडाच्या विसाव्यात सामर्थ्य झाले. रिफिअस हा ‘ईनिअड’च्या दुसऱ्या सर्गात येऊन मरणारा एक नगण्य योद्धा आहे. व्हर्जिलने त्याला न्यायी म्हटले, एवढ्याच आधारावर दान्तेने त्याला स्वर्ग दिला. ज्या कवीने त्याला शब्द दिला तो खालीच राहिला. अपवाद केलेच नसते तर नियम निदान नियम राहिला असता. अपवादांनी व्हर्जिलचा दंड असह्य केला.

याच्या आधीच्या सर्गात हा प्रश्न एकदा उघडपणे विचारला गेला आहे, आणि तो विचारताना दान्तेची नजर सिंधू नदीकडे जाते. एक माणूस सिंधूच्या काठी जन्मतो. तेथे ख्रिस्ताविषयी बोलणारा, वाचणारा, लिहिणारा कोणी नाही. त्याच्या सर्व इच्छा आणि कृती मानवी बुद्धीला दिसते तेथवर चांगल्या आहेत. तो बाप्तिस्म्याविना मरतो. त्याला दोषी ठरवणारा न्याय कोणता, आणि श्रद्धा नसण्यात त्याचा दोष कोणता? भारतीय वाचकाने येथे फार हुरळून जाण्याचे कारण नाही. सिंधू ही ज्ञात जगाच्या कडेची खूण आहे, आणि गंगा तर या काव्यात क्षितिजाचे नाव म्हणूनच येते. त्या माणसाला चेहरा नाही, नाव नाही. तरीही युरोपीय ख्रिस्ती महाकाव्याने आपल्या न्यायव्यवस्थेवरील सर्वांत थेट आक्षेप या काठावरच्या एका अनामिकाच्या नावाने नोंदवावा, हे महत्त्वाचे आहेच. गरुड उत्तर देत नाही. वीतभर दृष्टीने हजार मैलांवरचा न्याय करणारा तू कोण, असे विचारतो. मग ख्रिस्ताचे नाव घेणारे पुष्कळ जण अखेरच्या दिवशी त्याला न जाणणाऱ्यांपेक्षा दूर असतील, एवढे सांगतो. हे ख्रिस्ती लोकांना दिलेले ताडन आहे. सिंधूकाठच्या माणसाचे काय झाले ते त्यातून कळत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी महाभारतातील स्वर्गारोहणपर्व आठवणे स्वाभाविक आहे. नरकात भावंडांचे आवाज ऐकून युधिष्ठिर परत फिरत नाही. आपल्या असण्याने त्यांना सुख वाटते म्हणून तेथेच राहण्याचे ठरवतो आणि देवांना व धर्माला दोष देतो. पण ही तुलना फार ताणू नये. तो नरक क्षणिक आहे, मायेने निर्मिलेला आहे, आणि आपल्या परंपरेत नरक हा भोगून संपणारा असतो. संपणाऱ्या शिक्षेपुढे करुणा आणि न्याय यांची अखेर गाठ पडू शकते. दान्तेचा पेच शिक्षेच्या अनंततेने घातला आहे.

विसाव्या शतकात मात्र हा पेच एका वाचकापुढे धर्मशास्त्राविना उभा राहिला. १९४४ मध्ये ऑशविट्झला नेला गेलेला तुरिनचा रसायनशास्त्रज्ञ प्रिमो लेव्ही याने १९४७च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात एक प्रकरण ‘युलिसिसचा सर्ग’ या नावाने लिहिले आहे. सूपचे पातेले आणायला एका फ्रेंच भाषक सहकैद्यासह जाताना त्याला इटालियन शिकवायचे म्हणून लेव्हीला नरककांडाचा सव्विसावा सर्ग आठवतो. तो त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतो, मधल्या ओळी निसटतात, आणि त्या जोडता याव्यात म्हणून तो त्या दिवसाचे सूप द्यायला तयार असतो. पशूंसारखे जगण्यासाठी तुमचा जन्म नाही, या युलिसिसच्या आवाहनाशी तो थांबतो. आपण पहिल्यांदाच ते ऐकतो आहोत असे त्याला वाटते.

हे आवाहन दान्तेच्या काव्यात कपटी सल्लागाराचे आहे. त्याने याच शब्दांनी सोबत्यांना मृत्यूकडे नेले, आणि हे लेव्हीला ठाऊक आहे. टेनिसनप्रमाणे तो जहाजाचे बुडणे गाळत नाही, उलट त्याच ओळींसाठी तो धडपडतो. आतापर्यंतच्या वाचकांनी अपराध्याला निर्दोष करून त्याची करुणा केली होती. येथे निर्दोष दंडित माणूस अपराधी दंडिताचे शब्द, त्याचा अपराध न पुसता, आपल्या माणूसपणाचा पुरावा म्हणून उच्चारतो. ज्या यंत्रणेत तो सापडला आहे तिला न्यायाचा दावाही करण्याची गरज वाटत नाही. अपराध आणि शिक्षा यांचे दान्तेने मापून बसवलेले नाते तिथे मोडून पडले आहे, तरीही त्या नात्याच्या आत लिहिलेले शब्द तेवढे उपयोगी पडतात.

सर्गाच्या शेवटी युलिसिस सांगतो की, जहाज बुडाले ते ‘दुसऱ्या’ कोणाला तसे रुचले म्हणून. ईश्वराचे नाव तो घेत नाही, त्याला ते ठाऊक नाही. लेव्ही या शब्दांपाशी अडतो. त्यात आपल्या प्राक्तनाचे, आपण आज येथे का आहोत याचे कारण आपल्याला एका झोतात दिसले, असे तो लिहितो, आणि काय दिसले ते सांगत नाही. तेवढ्यात ते दोघे सूपच्या रांगेत पोहोचतात. त्या दिवशीच्या सूपमध्ये कोबी आणि सलगम असल्याचे निरनिराळ्या भाषांत पुकारले जाते, आणि समुद्र डोक्यावरून मिटल्याच्या दान्तेच्या ओळीने प्रकरण संपते.